वाटखर्चीचे बीजगणित

'वाटखर्ची' हा आपल्या भाषेतील एक जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. पूर्वीचा वाटसरू घर सोडताना शिदोरी फडक्यात बांधी आणि वाटखर्चीचे चार पैसे कनवटीला लावी. त्याला पायी जायचे असे. त्यामुळे वाटेचा खर्च म्हणजे मुख्यतः मुक्कामांचा खर्च. वाटेत किती मुक्काम पडतील हे ठाऊक असले, की किती पैसे बरोबर घ्यावेत हे त्याला सहज उमगे. आज आपल्या पायांचे काम यंत्र करते, आणि त्या यंत्राची शिदोरी म्हणजे इंधन. ही शिदोरी फडक्यात बांधलेली दिसत नाही. ती टाकीत असते, आणि ती किती लागेल हे गाडी, रस्ता, ओझे आणि चालक या चौघांवर अवलंबून असते. म्हणूनच आजच्या वाटसरूला थोडे बीजगणित यावे लागते.

विद्यार्थिमित्रहो, बीजगणित म्हटले की तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मला ठाऊक आहे. 'क्ष'ची किंमत काढून आम्हांला काय मिळणार, असा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतोच. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर उपदेशाने न देता एका उदाहरणानेच दिलेले बरे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत कोकणातून येऊन स्थायिक झालेली असंख्य कुटुंबे राहतात. श्रावण सरत आला की त्यांच्या घरांतून गणपतीला गावी जाण्याचे बेत सुरू होतात. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. राज्य परिवहन मंडळ या दिवसांत जादा गाड्या सोडते. तरीही आगगाडीचे आरक्षण हाती न लागलेली, किंवा घरात वृद्ध माणूस असलेली पुष्कळ कुटुंबे मोटारीने निघतात. आपण अशाच एका कुटुंबाची कल्पना करू. थोरला भाऊ घाटकोपरला एका चाळीत राहतो, धाकटा मुलुंडला. थोरल्याची मुलगी आठवीत शिकते. धाकट्याचा मुलगा दहा वर्षांचा आहे. दोन्ही घरांची मिळून माणसे सात, आणि त्या सातांत पंचाहत्तरी ओलांडलेली आजी. गाव चिपळूणच्या जवळ. आजीचे गुडघे आता साथ देत नाहीत. आणि यंदा गावच्या गणपतीपुढे बसायचेच, हा तिचा हट्ट आहे. धाकट्याकडे सात जणांची मोटार आहे. थोरल्याने वर्षभर थोडेथोडे बाजूला टाकून या प्रवासासाठी पाच हजार रुपये साठवले आहेत. प्रश्न इतकाच, की तेवढ्यात भागेल काय?

"दादा, पैशांचा विचार तू कशाला करतोस? गाडी माझी, पेट्रोलही माझेच," असे धाकटा म्हणाला.

"गाडी तुझी आहे, पण आई दोघांची आहे," थोरला म्हणाला, "आधी हिशोब तर होऊ दे."

हिशोब मुलीने हाती घेतला.

प्रथम अंतर. मुलुंडहून निघून, घाटकोपरला मंडळींना घेऊन, वाशीची खाडी ओलांडून पनवेलला यायचे. तेथून पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, मग कशेडीचा चढ, खेड, परशुराम घाट आणि चिपळूण. पनवेलहून गोव्याकडे जाणारा हा महामार्ग पूर्वी १७ क्रमांकाचा होता, आता तो ६६ क्रमांकाचा आहे. घरापासून वाडीपर्यंतचे अंतर आपण २५० किलोमीटर धरू. जाऊन येऊन ५००. गावी गेल्यावर आप्तांच्या घरी दर्शनाला जाण्यासाठी आणखी ६०. एकूण ५६० किलोमीटर.

आता एक लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, तो आकडा हवा. याला रस्त्यावरची माणसे गाडीचे 'ॲव्हरेज' म्हणतात. हा शब्द पुढे आपल्याला जरा फसवणार आहे, तो ध्यानात ठेवा. शेवटी पेट्रोलचा भाव. १६ जून २०१७ पासून देशभर तो रोज बदलू शकतो. मार्च २०२४ मध्ये मुंबईत तो लिटरला सुमारे १०४ रुपये होता. आपणही हिशोबापुरता १०४ हाच भाव धरू.

अंतराला अ म्हणू, ॲव्हरेजला म म्हणू, भावाला भ म्हणू आणि खर्चाला ख म्हणू. अंतराला ॲव्हरेजने भागले की किती लिटर लागतील ते कळते. त्याला भावाने गुणले की रुपये मिळतात. म्हणजे,

ख = (अ ÷ म) × भ

एवढेच ते सूत्र. अशा सूत्रात आपण गुणाकार केला की भागाकार, याचा संभ्रम पडला तर मापांकडे पाहावे. किलोमीटरला 'लिटरमागे किलोमीटर' यांनी भागले असता लिटर उरतात. लिटरला 'लिटरमागे रुपये' यांनी गुणले असता रुपये उरतात. मापे जुळली नाहीत तर सूत्र उलटे लिहिले आहे असे खुशाल समजावे. आपल्या देशात १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि पुढील काही वर्षांत मैल व गॅलन मागे पडले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट ज्यांनी हाकली, ते वृद्ध चालक 'गॅलनला चाळीस मैल' अशी भाषा बोलत. मैल म्हणजे सुमारे १.६०९ किलोमीटर आणि तो गॅलन म्हणजे सुमारे ४.५४६ लिटर. करून पाहा: चाळीस मैल म्हणजे लिटरला सुमारे चौदा किलोमीटर येतात.

गाडी विकत घेताना मिळालेल्या माहितीपत्रकात लिटरला २० किलोमीटर असे छापले होते. मुलीने तो आकडा घातला. ५६० भागिले २० म्हणजे २८ लिटर. २८ गुणिले १०४ म्हणजे २,९१२ रुपये. सर्वांना आनंद झाला. थोरल्याला मात्र तो आकडा खरा वाटेना. "पत्रकातली गाडी आणि आपली गाडी एकच कशावरून?" असे तो म्हणाला.

त्याचा संशय योग्य होता. पत्रकातील आकडा प्रयोगशाळेत काढलेला असतो. तेथे गाडी फिरत्या रुळांवर ठेवून ठरावीक वेगक्रमाने चालवतात. त्या रुळांवर खड्डा नसतो, म्हैस आडवी येत नाही, आणि मागच्या आसनावर नारळांचे पोते नसते. आकडा खोटा नसतो. पण तो आपल्या वाटेचा नसतो. आपल्या वाटेचा आकडा आपणच मोजावा लागतो, आणि त्याला काही विद्या लागत नाही. पेट्रोल पंपावर टाकी पूर्ण भरावी, मीटरवरील किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, काही दिवस गाडी नेहमीप्रमाणे चालवावी आणि पुन्हा टाकी पूर्ण भरावी. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर मावले तेवढेच मधल्या प्रवासात जळले. धाकट्याने तसे केले. मीटरवर आधी ३६,२४० होते, नंतर ३६,५६० झाले, आणि टाकीत २० लिटर मावले. म्हणजे ३२० किलोमीटरला २० लिटर, ॲव्हरेज १६. असा मोजलेला आकडाही जन्मभराचा समजू नये. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. इंधन बदलले, टायर झिजले, ओझे वाढले, की पुन्हा मोजावे.

आता म = १६ घालून पाहू. ५६० भागिले १६ म्हणजे ३५ लिटर, आणि खर्च ३,६४० रुपये. पत्रकाच्या हिशोबापेक्षा ७२८ रुपयांनी जास्त.

येथे जरा थांबून एक गंमत पाहण्यासारखी आहे. ॲव्हरेज २० असता २८ लिटर लागतात, १६ असता ३५, १४ असता ४० आणि १० असता ५६. वीसावरून सोळावर उतरताना चार किलोमीटर कमी झाले आणि सात लिटर वाढले. चौदावरून दहावर उतरतानाही चारच कमी झाले. पण वाढले सोळा लिटर! घट तेवढीच, दंड मात्र दुपटीहून अधिक. असे का व्हावे? कारण म हा अक्षर सूत्रात भाजकाच्या जागी बसला आहे. भाजक लहान होत गेला की भागाकार नुसता वाढत नाही, तो उसळतो. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त त्रैराशिक सांगितले. प्रमाण, फल आणि इच्छा ही त्यातील तीन राशींची नावे. एक राशी वाढली असता दुसरी घटते, अशा व्यवहारासाठी त्यांनी निराळे व्यस्त त्रैराशिक सांगितले आहे. आपले ॲव्हरेज आणि लागणारे लिटर यांचे नाते या दुसऱ्या जातीचे आहे.

भावाचे तसे नाही. भाव लिटरमागे दोन रुपयांनी वाढला, तर चाळीस लिटरला ऐंशीच रुपये जास्त पडतात. उलट ॲव्हरेज सोळावरून चौदावर आले, तर पाच लिटर, म्हणजे ५२० रुपये जातात. पेट्रोल दोन रुपयांनी महागले की आपण चार दिवस त्याचीच चर्चा करतो. चाकात हवा कमी आहे, इंधन फुकट जळते आहे, याची चर्चा कोणी करीत नाही. मला हे नेहमीच नवलाचे वाटत आले आहे.

"आणि आपण सी.एन.जी. बसवला तर?" मुलीच्या काकूने मध्येच विचारले. हाही हिशोब दोन ओळींचा आहे. तो वायू लिटरवर नव्हे, किलोवर विकला जातो. त्यामुळे लिटरची आणि किलोची तुलना न करता किलोमीटरमागे रुपये किती, हे पाहावे. पेट्रोलला १०४ भागिले १६, म्हणजे किलोमीटरमागे साडेसहा रुपये. वायूचा भाव किलोला ८० आणि ॲव्हरेज किलोला २० धरले तर किलोमीटरमागे चार रुपये. बचत अडीच रुपये. यंत्रसामग्री बसवण्याचा खर्च ६०,००० रुपये मानला, तर २·५ × क्ष = ६०,००० यावरून क्ष = २४,००० किलोमीटर. तेवढे चालल्यावर खर्च भरून निघेल आणि त्यापुढे नफा. धाकट्याची गाडी महिन्याला पाचशे किलोमीटर चालते. म्हणजे चार वर्षे. "मग यंदाच्या गणपतीला त्याचा उपयोग नाही," असे म्हणून काकूने विषय संपवला.

आतापर्यंत आपण अंतर, ॲव्हरेज आणि भाव ठाऊक धरून खर्च काढला. हे खरे पाहता अंकगणितच झाले. बीजगणिताचे सामर्थ्य प्रश्न उलटा केल्यावर दिसते. थोरल्याचे पैसे पाच हजार, हे ठरलेले आहे. वाटेतील चहापाणी व किरकोळ खर्च यांसाठी त्यांतले ८४० रुपये वेगळे ठेवले. टोलची चिंता तूर्त नाही: मुंबईच्या वेशीवरील पाच नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, आणि गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या वाहनांना शासनाने अनेक वर्षी पास देऊन टोलमाफी दिलेली आहे. असे असता, गाडीने निदान किती ॲव्हरेज दिले म्हणजे पाच हजारांत भागेल? ते ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणून हात जोडून बसायचे नाही. त्या न दिसणाऱ्या संख्येला एक नाव द्यायचे आणि ती जणू ठाऊकच आहे असे समजून तिच्याशी व्यवहार करायचा.

ही युक्ती आपल्या देशात फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ रचला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. अज्ञात राशीला ते 'यावत्तावत्' म्हणतात. 'जेवढे असेल तेवढे' असा त्याचा अर्थ. किती समर्पक नाव! अज्ञात राशी एकापेक्षा अधिक असतील तर पुढच्या राशींना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे देत, आणि लिहिताना या, का, नी, पी, लो ही आद्याक्षरे वापरीत. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याची हकीकत सांगणारा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. आपला 'क्ष' हा त्या 'यावत्तावत्'चाच वंशज होय.

तर ॲव्हरेज क्ष मानू.

८४० + (५६० ÷ क्ष) × १०४ = ५,०००

दोन्ही बाजूंतून ८४० वजा केले असता उजवीकडे ४,१६० उरतात. ४,१६० रुपयांत १०४ रुपये भावाने बरोबर ४० लिटर येतात. म्हणून ५६० ÷ क्ष = ४०, आणि क्ष = १४. गाडीने लिटरला चौदा किलोमीटर दिले की पैसे पुरले. मोजलेले ॲव्हरेज तर सोळा होते. मुलगी आनंदाने उठून उभी राहिली.

"थांब," काका म्हणाले, "ते सोळा मी एकट्याने ऑफिसला जाता-येता मोजलेले आहेत. गणपतीच्या गर्दीत सात माणसे आणि सामान घेऊन सोळा कुठले मिळणार? मोकळ्या रस्त्याला वीस मिळतील. पण कोंडीत आणि घाटात दहावर येईल."

कोंडीत इतके इंधन का जाते, हे समजण्यासारखे आहे. गाडी उभी असली तरी इंजिन चालू असते. ते पेट्रोल पिते आणि अंतर मात्र शून्य. जरा हलून पुन्हा ब्रेक दाबला, की मिळवलेला वेग ब्रेकच्या उष्णतेत नाहीसा होतो आणि तो पुन्हा पैसे देऊन मिळवावा लागतो. घाटात तर गाडी, माणसे आणि नारळांचे पोते यांना वर उचलण्याचे काम करावे लागते.

मुलीने विचार केला: निम्मी वाट, म्हणजे २८० किलोमीटर, दहाने गेली आणि निम्मी वीसने, दहा आणि वीस यांची सरासरी पंधरा. पंधरा हे चौदापेक्षा अधिक आहेत, म्हणजे अजूनही भागते. येथेच तो 'ॲव्हरेज' शब्द फसवतो. त्याचा अर्थ सरासरी असला तरी दोन ॲव्हरेजांची सरासरी काढून वाटेचे ॲव्हरेज मिळत नाही. लिटर मोजून पाहा. पहिल्या २८० किलोमीटरला दहाच्या हिशोबाने २८ लिटर, दुसऱ्या २८० ला वीसच्या हिशोबाने १४ लिटर. एकूण ४२ लिटर. ५६० भागिले ४२ म्हणजे सव्वातेराहून किंचित अधिक. पंधरा नव्हेच! वाईट वाटेवर लिटर अधिक जळतात, म्हणून त्या वाटेचे वजनही अधिक पडते. बेचाळीस लिटरांचे झाले ४,३६८ रुपये, वर ८४०, एकूण ५,२०८. पाच हजारांना २०८ रुपये कमी पडले.

दोनशे आठ रुपये ही रक्कम कोणाला क्षुल्लक वाटेल. ज्याने पाच हजार रुपये वर्षभरात जमवले, त्याला ती क्षुल्लक वाटत नाही. धाकट्याने लगेच खिशाकडे हात नेला. थोरल्याने मान हलवली. मुलगी पुन्हा कागदाकडे वळली आणि तिने प्रश्न असा मांडला: वाईट वाट २८० किलोमीटर आहे, हे कोणी ठरवले? ती जास्तीत जास्त किती असली तर चाळीस लिटरांत भागेल?

वाईट वाट क्ष किलोमीटर मानू. मग चांगली वाट ५६० − क्ष.

क्ष ÷ १० + (५६० − क्ष) ÷ २० = ४०

दोन्ही बाजूंना वीसने गुणू.

२क्ष + ५६० − क्ष = ८००

क्ष = २४०

कोंडीची आणि घाटाची वाट २४० किलोमीटरपर्यंत असेल तर पैसे पुरतील. म्हणजे २८० पैकी केवळ ४० किलोमीटरची कोंडी टाळायची आहे. घाट टाळता येत नाही. पण कोंडी टाळता येते, कारण ती वाटेवर असते तशी वेळेवरही असते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी निघण्याऐवजी दोन दिवस आधी, मध्यरात्रीनंतर निघावे, असे मुलीने सुचवले. पेण-वडखळपर्यंतची गर्दी झोपेत असतानाच मागे पडली, तर हे चाळीस किलोमीटर सहज वाचतील. एका 'क्ष'ने रुपयांचा प्रश्न घड्याळाचा करून टाकला! तिच्या आईने मात्र तत्काळ विचारले, "दोन दिवस आधी म्हणजे रजा किती लागेल?" प्रत्येक समीकरणात न लिहिलेले एखादे पद असतेच.

असेच आणखी एक पद होते. थोरला म्हणाला, "पेट्रोल झाले. पण एवढ्या वाटेने टायर झिजतील, तेल बदलावे लागेल, त्याचे काय?" झिजेचा खर्च किलोमीटरमागे एक रुपया धरला तरी ५६० रुपये होतात. धाकट्याने हे पद आपण होऊन मांडले नव्हते, आणि थोरल्याने ते गाळू दिले नाही. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. आता सगळी रक्कम ५,५६० झाली, आणि वरचे ५६० कोणी द्यायचे यावर भावाभावांत जो वाद झाला, तो बीजगणिताच्या कक्षेबाहेरचा आहे.

शेवटी, एस.टी.ने गेले असते तर? तुलना न्याय्य करायची, तर दोन्हीकडे समान असलेली पदे गाळावीत. चहापाण्याचे ८४० रुपये दोन्ही प्रवासांत लागणारच. ते सोडून देऊ. मोटारीचा खर्च मग इंधनाचे ४,१६० आणि झिजेचे ५६०, म्हणजे ४,७२०. एस.टी.चे पूर्ण तिकीट जाऊन येऊन ८०० रुपये धरू. पुरुष दोघे, त्यांची दोन पूर्ण तिकिटे. मार्च २०२३ मध्ये एस.टी.त महिलांना निम्म्या भाड्याची सवलत सुरू झाली. त्यामुळे दोन सुना आणि मुलगी मिळून दीड. दहा वर्षांच्या मुलाचे अर्धे. आणि आजी? पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत झाला, तिचे शून्य. एकूण चार तिकिटे, ३,२०० रुपये. घरापासून थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून वाडीपर्यंत दोन-दोन रिक्षा, त्यांचे जाता-येता मिळून ४०० धरले, तर ३,६०० रुपये. मोटारीपेक्षा १,१२० रुपयांनी स्वस्त.

जिच्यासाठी मोटार काढायची, तिलाच एस.टी.त तिकीट पडत नाही! मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा आजी हसली आणि म्हणाली, "मग मी एकटीच एस.टी.ने जाते." सर्वजण हसले; पण मुलीच्या मनात प्रश्न राहिला. कागद तर एस.टी.ने जा असे सांगत होता. तिने तसे वडिलांना विचारले.

"कागद तसे सांगत नाही," वडील म्हणाले, "आजीला घराच्या दारातून गावच्या दारापर्यंत नेण्याचे १,१२० रुपये पडतील, एवढेच तो सांगतो. ते द्यायचे की नाही, हे आपण ठरवायचे."

मुलीने कागदाच्या तळाशी '१,१२०' हा आकडा लिहिला, त्याच्याभोवती चौकट काढली, आणि ती दिनदर्शिकेत चतुर्थीच्या दोन दिवस आधीची तारीख शोधू लागली.

स्वाध्याय

१. टाकी पूर्ण भरली तेव्हा मीटरवर १२,४८० होते. पुन्हा भरली तेव्हा १२,७५० होते आणि १८ लिटर मावले. या गाडीला ४५० किलोमीटरसाठी किती लिटर लागतील?

२. ३०० किलोमीटरची वाट आहे. खराब रस्त्यावर गाडी लिटरला १० आणि चांगल्या रस्त्यावर १५ किलोमीटर जाते. २५ लिटरांत भागायचे असेल, तर खराब रस्ता जास्तीत जास्त किती असावा? समीकरण मांडून सोडवा.

३. मुलीने काढलेली 'पंधरा' ही सरासरी चुकीची का ठरली, ते आपल्या शब्दांत सांगा.

४. "दोघेही आपापल्या परीने बरोबर होते." या वाक्यात कोणाविषयी व कोणत्या प्रसंगी लिहिले आहे? तुम्ही थोरल्या भावाच्या जागी असता तर काय म्हणाला असता?

५. कनवट, शिदोरी, व्यस्त, समर्पक, क्षुल्लक या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.

६. तुमच्या कुटुंबाच्या एखाद्या प्रवासाचा अंदाज काढा. त्यात न लिहिलेले पद कोणते राहिले, ते घरातील मोठ्या माणसांना विचारा.